समुद्रातली चांदी आणि बंदा रुपया

खामगावहून चिखलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील हे गाव बल्लाळदेवीच्या मंदिरामुळे परिचित आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या या भागात पीक हाती आले आणि लग्नसराई तोंडावर आली की चांदीच्या खरेदीसाठी पावले खामगावकडे वळतात. ‘रजतनगरी’ हे बिरुद खामगावला फुकट मिळालेले नाही. तेथील चांदीच्या शुद्धतेवर दूरदूरच्या गिऱ्हाइकांचा विश्वास आहे आणि धनत्रयोदशीला तर बाहेरगावच्या माणसांची तेथे रीघ लागते. अमडापूरसारख्या गावातील व्यापारी कुटुंबात चांदी म्हणजे केवळ दागिना नव्हे. ती लेकीच्या पाठवणीतली कळशी आहे, देव्हाऱ्यातली थाळी आहे, तपश्चर्येच्या पारण्याला वाटलेली प्रभावना आहे आणि अडीनडीला मोडता येईल अशी शिल्लकही आहे.

या ओळखीच्या चांदीत अलीकडे एका अनोळखी नाण्याची भर पडली आहे. मोबाईलच्या पडद्यावर मखमली डबीत ठेवलेले, कडा वेड्यावाकड्या असलेले, एका बाजूला क्रूस आणि दुसऱ्या बाजूला राजचिन्ह असलेले एक रुपेरी नाणे दिसते. खाली मजकूर असतो: ‘समुद्राच्या तळातून निघालेला स्पॅनिश खजिना, मर्यादित संख्या, प्रमाणपत्रासह’. बारीक अक्षरांत कोठेतरी ‘प्रतिकृती’ हा शब्दही असतो. कधी कधी तोही नसतो. मुलाच्या वाढदिवसाला, जावयाच्या दिवाळसणाला किंवा केवळ हौस म्हणून असे नाणे घेणारी मंडळी आता आपल्या समाजातही आहेत. हौसेला मोल नसते असे म्हणतात. परंतु व्यापाऱ्याच्या घरी हौसेचेही मोल वहीत लिहिलेले असावे. म्हणून या नाण्याचा इतिहास, त्याची पारख आणि त्याचा खरा हिशेब पाहणे आवश्यक ठरते.

आठ रियालचे नाणे

या प्रतिकृती ज्या मूळ नाण्यावरून घडवल्या जातात ते स्पेनच्या साम्राज्याचे ‘आठ रियाल’. इ. स. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पोतोसी येथे, म्हणजे आजच्या बोलिव्हियात, चांदीचा अक्षरशः डोंगर सापडला. मेक्सिकोची टांकसाळ त्याआधीच, १५३६ मध्ये, सुरू झाली होती. या दोन ठिकाणांहून निघालेल्या चांदीने पुढील अडीचशे वर्षे जगाचा व्यापार हलवला. या नाण्याचे वजन सुमारे २७ ग्रॅम आणि त्यातील चांदी सुमारे ९३ टक्के. सुरुवातीच्या काळात चांदीच्या कांबीचे तुकडे कापून, कातरून वजनात बसवले जात आणि हातोड्याने त्यांवर ठसा उमटवला जाई. त्यामुळे एकही नाणे पूर्ण गोल नसे आणि कोणतीही दोन नाणी सारखी नसत. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे पारख करताना हीच खूण उपयोगी पडते. १७३२ पासून मेक्सिकोत यंत्रावर पाडलेली गोल नाणी निघू लागली. त्यांवर समुद्राच्या लाटांवर उभे असलेले दोन खांब आणि त्यांच्यामध्ये पृथ्वीचे दोन गोल असत. हे नाणे इतके सर्वमान्य झाले की अमेरिकेत ते १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते.

ही चांदी युरोपला नेणाऱ्या गलबतांपैकी काही वादळांत बुडाली. ‘नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’ हे जहाज ६ सप्टेंबर १६२२ रोजी फ्लोरिडाजवळ बुडाले. मेल फिशर या अमेरिकी माणसाने सोळा वर्षे त्याचा शोध घेतला, त्या शोधात स्वतःचा मुलगा आणि सून गमावली, आणि २० जुलै १९८५ रोजी त्याच्या पथकाला मुख्य खजिना सापडला. १७१५ च्या जुलैअखेरीस याच किनाऱ्यावर स्पेनचा संपूर्ण ताफा वादळात सापडला. त्याची नाणी आजही अधूनमधून वाळूत मिळतात. आज बाजारात येणाऱ्या बहुतेक प्रतिकृती याच दोन घटनांच्या नावावर विकल्या जातात.

सुरतेची टांकसाळ आणि जैन सावकार

हे नाणे आपल्याला परके वाटते. आपल्या पूर्वजांना ते परके नव्हते. युरोपीय कंपन्यांना भारतातून कापड, नीळ आणि मिरी हवी होती, पण त्या बदल्यात देण्यासारखा त्यांचा माल येथे फारसा खपत नसे. म्हणून त्यांच्या जहाजांतून पेट्याच्या पेट्या भरून रियाल येत. इंग्रजांनी १६१३ मध्ये सुरतेला वखार उघडली, तेव्हापासून त्यांच्या पत्रव्यवहारात या नाण्यांचा उल्लेख वारंवार आढळतो.

मोगल राज्यात परकी नाणी बाजारात चलन म्हणून चालत नसत. ती सराफाकडे जात, त्यांचा कस लावला जाई, आणि टांकसाळीत ती वितळवून रुपये पाडले जात. टांकसाळ सर्वांना खुली होती. चांदी आणावी, ठराविक शुल्क द्यावे आणि रुपये न्यावेत. मोगल रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा आणि जवळजवळ शुद्ध चांदीचा असे. साहजिकच एका रियालचे दोन रुपयांहून थोडे अधिक होत. हा थोडा अधिकचा भाग किती, हे ठरवण्यातच सराफाचे कसब होते. सुरतेचे जैन व्यापारी वीरजी व्होरा हे त्या काळच्या सर्वांत श्रीमंत सावकारांपैकी एक. इंग्रज कंपनीलाही ते कर्ज देत. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा लुटल्या गेलेल्या मोठ्या पेढ्यांत वीरजी व्होरांची पेढी होती. अहमदाबादचे शांतिदास झवेरी हे दुसरे मोठे नाव. अमेरिकेच्या डोंगरातील चांदी अशा पेढ्यांतून फिरून भारतीय रुपया बनत असे.

या रुपयांनाही समुद्राने गिळल्याचे उदाहरण आहे. १९६१ मध्ये श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ग्रेट बेसेस या खडकाळ भागात माईक विल्सन या पाणबुड्याला चांदीच्या नाण्यांचे घट्ट चिकटलेले गठ्ठे सापडले. प्रसिद्ध लेखक आर्थर सी. क्लार्क त्या मोहिमेत सहभागी होते. एकेका गठ्ठ्यात सुमारे हजार रुपये होते. पिशव्या कुजून गेल्या होत्या, पण नाणी पिशवीच्याच आकारात चिकटून राहिली होती. ते सर्व औरंगजेबाच्या काळातील, सुरत टांकसाळीचे, हिजरी १११३ म्हणजे इ. स. १७०२ च्या सुमाराचे रुपये होते. समुद्रातल्या खजिन्याची आपली स्वतःची ही कहाणी. तिचे नाणे मात्र कोणी मखमली डबीत घालून विकत नाही.

अस्सल टांकसाळीतली खोट

‘जुने म्हणजे खरे’ असा एक समज असतो. पोतोसीच्या इतिहासाने तो तीनशे सत्तर वर्षांपूर्वीच खोटा ठरवला आहे. १६४० च्या दशकात पोतोसीच्या टांकसाळीत चांदी पुरवणारे व्यापारी आणि कस तपासणारे अधिकारी यांनी संगनमत करून नाण्यांतील चांदी कमी केली. राजाचा ठसा खरा, टांकसाळ खरी, पण धातू खोटा. ही गोष्ट बाहेर येताच या नाण्यांवरचा विश्वास उडाला आणि युरोपातील व्यापारी ती घेईनासे झाले. स्पेनच्या राजाने चौकशी अधिकारी पाठवला. फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा या बड्या चांदी व्यापाऱ्याला आणि कस तपासणाऱ्या फेलिपे रामिरेझ दे आरेयानो या अधिकाऱ्याला १६५० च्या सुमारास देहदंड झाला. त्या काळातील नाण्यांवर नंतर कमी किमतीचा शिक्का मारून ती चालवण्यात आली.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने यातला धडा स्पष्ट आहे. शिक्का हा धातूविषयी दिलेला शब्द असतो. शब्द मोडला की शिक्क्याची किंमत उरत नाही आणि मग प्रत्येक नाणे पुन्हा तराजूवर आणि कसोटीवर घ्यावे लागते. आपल्याकडे ‘बंदा रुपया’ म्हणतात तो नेमका याच अर्थाने: वाजवून पाहिला तरी खणखणीत.

मुंबई बंदरातून निघालेली चांदी

बुडालेल्या चांदीची गोष्ट दूरच्या फ्लोरिडातच शोधायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात आपल्याच बंदरांतून निघालेल्या तीन जहाजांनी चांदीसह जलसमाधी घेतली.

‘एस. एस. गेरसोप्पा’ हे जहाज १९४० च्या डिसेंबरात कलकत्त्याहून चहा, कच्चे लोखंड आणि चांदी घेऊन निघाले. १७ फेब्रुवारी १९४१ रोजी आयर्लंडच्या नैर्ऋत्येला जर्मन पाणबुडीने ते बुडवले. सुमारे ८५ खलाशांपैकी एकच अधिकारी वाचला. सत्तर वर्षांनी, २०१२ आणि २०१३ मध्ये, ओडिसी मरीन या अमेरिकी कंपनीने साडेचार किलोमीटरहून अधिक खोलीवरून चांदीच्या २,७९२ विटा बाहेर काढल्या. वजन सुमारे ११० टन. या चांदीतून ब्रिटनच्या शाही टांकसाळीने २०१४ मध्ये पाव औंसाची २०,००० नाणी पाडली आणि त्यांच्या कडेवर जहाजाचे नाव कोरले. या नावाशी आपले एक नाते आहे. शरावती नदीकाठचे गेरसोप्पे हे सोळाव्या शतकात जैन राणी चेन्नभैरादेवीच्या राज्याचे केंद्र होते. मिरीच्या व्यापारामुळे पोर्तुगीज तिला ‘मिऱ्यांची राणी’ म्हणत. तिथली चतुर्मुख बसदी आजही उभी आहे.

‘सिटी ऑफ कैरो’ हे जहाज २ ऑक्टोबर १९४२ रोजी मुंबईहून निघाले. त्यावर सुमारे दोन हजार पेट्यांत शंभर टन चांदीची नाणी होती. त्या काळात सरकार जुने चांदीचे रुपये चलनातून परत मागवत होते. राणीछाप रुपयाचे चलन १९४१ मध्येच संपवण्यात आले होते. ६ नोव्हेंबरला सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला पाणबुडीने हे जहाज बुडवले. जहाजावरच्या सुमारे तीनशे माणसांपैकी शंभरावर माणसे दगावली, त्यांतील बरीचशी नंतर उघड्या होड्यांत तहानेने. २०१५ मध्ये जाहीर झाले की ५,१५० मीटर खोलीवरून ती नाणी काढली गेली, वितळवली गेली आणि विकली गेली.

तिसरे ‘एस. एस. तिलावा’. २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेल्या या जहाजावर ९५८ माणसे होती. त्यांत आफ्रिकेत दुकानदारी करणारी गुजराती कुटुंबे मोठ्या संख्येने होती. २३ नोव्हेंबरला जपानी पाणबुडीने दोनदा पाणतीर मारला. ६७८ माणसे वाचली, २८० गेली. तळाशी गेलेल्या २,३६४ चांदीच्या विटा दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी घेतल्या होत्या. २०१७ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने त्या गुपचूप बाहेर काढल्या. त्यांवरील हक्काचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेची बाजू मान्य केली.

या तिन्ही कहाण्यांत एक विसंगती आहे. मुंबईहून गेलेले अस्सल रुपये केवळ धातू म्हणून वितळवले गेले आणि कधीही समुद्र न पाहिलेल्या चांदीला मात्र आज बुडालेल्या जहाजाच्या नावावर चढा भाव मिळतो. ‘खजिना’ हा शब्द वाचताना तिलावावरची ती माणसेही आठवावीत. समुद्रातली चांदी ही बहुतेक वेळा कोणाच्या तरी शेवटच्या प्रवासाची चांदी असते.

डबीत नेमके काय आहे?

‘खजिन्याचे नाणे’ या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, खरोखर जहाजातून निघालेले मूळ नाणे. ते महाग असते, त्याला नोंदणी क्रमांक आणि विक्रीचा सलग इतिहास असतो. दुसरी, जहाजातून निघालेल्या चांदीच्या विटा वितळवून त्या धातूतून पाडलेली प्रतिकृती. आतोचाच्या विटांपासून अशा प्रतिकृती अमेरिकेत बनवल्या गेल्या आहेत. येथे धातू जुना, नाणे नवे. तिसरी, साध्या बाजारातील चांदीपासून केलेली प्रतिकृती. चौथी, पितळ, तांबे किंवा जर्मन सिल्व्हरवर चांदीचा पातळ मुलामा दिलेली वस्तू. जर्मन सिल्व्हरच्या नावात चांदी असली तरी धातूत ती नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात डोळ्यांना, तराजूला किंवा कसोटीला काहीही फरक दिसत नाही. चांदीवर तिच्या खाणीचे नाव लिहिलेले नसते. म्हणजे दुसऱ्या प्रकारासाठी जो अधिक पैसा दिला जातो तो पूर्णपणे कागदाच्या भरवशावर दिला जातो. प्रमाणपत्र वाचताना ते नेमके कशाची ग्वाही देते हे पाहावे: नाण्याच्या वयाची, धातूच्या उगमाची, धातूच्या शुद्धतेची, की केवळ नक्षी कोणत्या नाण्यावरून घेतली याची? बहुतेक प्रमाणपत्रे शेवटच्याच गोष्टीची ग्वाही देतात आणि गिऱ्हाईक ती पहिल्या गोष्टीची समजते. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नाण्याच्या नकलेवर ‘नक्कल’ असा शब्द कोरणे बंधनकारक आहे. तो शब्द नाण्यावर असणे हा विक्रेत्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावाच मानावा.

दुकानच्या काट्यावर पारख

ज्या घरात शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा आहे, तेथे धातूची पहिली परीक्षा पाच मिनिटांत होते. नाणे आधी कोरडे तोलावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला वा कडेला लागणार नाही असे धरावे. काटा जो आकडा दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की धातूची घनता मिळते. शुद्ध चांदीची घनता १०.४९ आहे, तांब्याची ८.९६, पितळेची साधारण ८.५. म्हणजे २७ ग्रॅमचे नाणे चांदीचे असेल तर काटा २.६० च्या आसपास राहील. तांब्याचे असेल तर ३ च्या जवळ जाईल आणि पितळेचे असेल तर ३.१५ च्या पुढे.

हीच रीत घरच्या राणीछाप रुपयाला लावता येते आणि तेथे तिचा उपयोग अधिक आहे, कारण दिवाळीत नकली राणीछाप रुपये गावोगाव फिरतात. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि ९१.६७ टक्के चांदीचा. पाण्यात तो साधारण १.१३ दाखवतो. १९४० ते १९४५ दरम्यानच्या रुपयात चांदी निम्मीच आहे. तो सव्वाच्या थोडा आत राहतो. पितळेचा १.३७ च्या घरात जातो. एका जुन्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, तर १९४० ते १९४५ दरम्यानच्या रुपयात केवळ ५.८३ ग्रॅम. वाटणीच्या वेळी दोन्ही ‘चांदीचे रुपये’ म्हणून सारखेच मोजले गेले तर एका भावाच्या पदरात नकळत निम्माच वाटा पडतो. घरातील डब्याची अशी एकदा मोजदाद करून वर्षवार यादी ठेवली तर पुढच्या पिढीतील मने कलुषित होत नाहीत.

डोळ्यांनी पाहायच्या खुणाही आहेत. साच्यात ओतलेल्या नाण्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे, कडेला जोडरेषा आणि बोथट झालेली अक्षरे आढळतात. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरे धारदार असतात. हातोड्याच्या काळातील दोन रियाल कधीच सारखे नसतात. म्हणून कडेच्या त्याच खाचा आणि तोच तडा असलेली दोन नाणी दिसली तर दोन्ही एकाच साच्यातून निघालेली आहेत असे खुशाल समजावे. खाऱ्या पाण्यात शतके राहिलेली चांदी काळी पडते, झिजते, तिचे वजन घटते. वजनात भरलेले, चकाकणारे आणि तरीही ‘समुद्रातून निघालेले’ नाणे शंकास्पद मानणेच शहाणपणाचे. शंका राहिलीच तर खामगावला किंवा जवळच्या शहरात क्ष-किरण यंत्रावर धातू तपासून घ्यावा. ती तपासणी नाण्याला ओरखडाही न काढता होते. चांदीच्या दागिन्यांवर आणि वस्तूंवर भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यासोबत सहा अक्षर-अंकांची ओळखही येऊ लागली आहे आणि ती ब्युरोच्या ॲपवर ताडून पाहता येते.

कहाणीचा हिशेब

आता वहीतला हिशेब. सोयीसाठी चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. २७ ग्रॅमच्या शुद्ध चांदीच्या प्रतिकृतीत २,७०० रुपयांचा धातू आहे. ती ७,५०० रुपयांना मिळाली, त्यावर ३ टक्के जीएसटीचे २२५ रुपये झाले, तर खिशातून ७,७२५ रुपये गेले. त्यांपैकी ५,०२५ रुपये डबीचे, कागदाचे, कराचे आणि कहाणीचे. उद्या हे नाणे मोडायला नेले तर सराफ धातू तोलील, कहाणी तोलणार नाही. भाव दुप्पट झाला तरी हातात ५,४०० रुपयेच येतील आणि घट वजा होईल ती वेगळी. चौथ्या प्रकारच्या वस्तूचे तर मोडीत काहीच यायचे नाही. परदेशातून पार्सल मागवले तर सीमाशुल्काची भर पडते.

बँकेचा नियमही हेच सांगतो. सोने-चांदी तारण कर्जाविषयी रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार तारणाचे मूल्य ठरवताना केवळ त्यातील धातूची किंमत धरायची असते. खडे, घडणावळ किंवा अन्य कशाचीही नाही. चांदीचे दागिने एका कर्जदाराकडून १० किलोपर्यंत आणि नाणी ५०० ग्रॅमपर्यंतच तारण घेता येतात. विटा आणि लगडी यांवर कर्ज मिळत नाही. आयकराच्या दृष्टीने, २३ जुलै २०२४ नंतर विकलेली चांदी २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेली असेल तर नफ्यावर १२.५ टक्के दराने कर लागतो. नफा दाखवायचा तर खरेदीचे बिल हवे. बिलावर वजन, शुद्धता आणि ‘प्रतिकृती’ हा शब्द तिन्ही लिहून घ्यावेत. ज्या विक्रेत्याला हा शब्द लिहिण्याची अडचण वाटते, त्याच्याकडून खरेदी न करणे हे उत्तम.

जुन्या वाड्याचा पाया खणताना खरोखरच जुनी नाणी सापडली तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा गाडलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परवानगीविना देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

पुतळी आणि प्रतिरूपक

मग प्रतिकृती ही वाईटच म्हणायची का? मुळीच नाही. मराठी स्त्रीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ ही मुळात एका परक्या नाण्याचीच प्रतिकृती आहे. व्हेनिस शहराचे सोन्याचे नाणे व्यापारातून येथे आले. त्यावर उभा संत आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख होता. आपल्या लोकांना त्यांत मानवी आकृत्या दिसल्या, म्हणून त्याला ‘पुतळी’ म्हटले गेले. पुढे येथील सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या आणि त्यांचा अस्सल मराठी दागिना झाला. त्यात कोणाची फसवणूक नव्हती. पुतळी सोन्याची होती, तोलून घेतली जात होती आणि ती व्हेनिसहून आली असे कोणी सांगत नव्हते.

हा फरक आपल्या शास्त्राने फार पूर्वी नेमका टिपला आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत कमी-अधिक मापे ठेवण्याबरोबरच ‘प्रतिरूपक व्यवहार’ हाही आहे, म्हणजे खऱ्यासारखी दिसणारी वस्तू खरी म्हणून देणे. प्रतिरूप बनवणे हा दोष नाही. प्रतिरूपाचा व्यवहार मूळ म्हणून करणे हा दोष आहे. विशेष म्हणजे याची गणना असत्यात नव्हे, चोरीत केली आहे. गिऱ्हाईक स्वखुशीने पैसे मोजते, तरीही ती चोरी, कारण ज्या वस्तूचे पैसे त्याने दिले ती वस्तू त्याला मिळालीच नाही.

हा विचार केवळ विकणाऱ्यापुरता नाही. मासखमण, अठ्ठाई किंवा वर्षीतपाच्या पारण्याला चांदीच्या नाण्याची प्रभावना करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. शेकडो नाणी एकदम घेताना स्वस्ताकडे ओढा असतो आणि कोणी कसोटी लावत नाही. घेणारा साधर्मिक बंधू ते नाणे देव्हाऱ्यात ठेवतो. त्याची नात ते वीस वर्षांनी मोडायला नेते आणि सराफ ते परत करतो. तपाच्या निमित्ताने दिलेली वस्तू अशी परत यावी यासारखी खंत नाही. चांदीची ऐपत नसेल तर धर्मग्रंथाची किंवा साध्या वस्तूची प्रभावना अधिक शोभते. संग्रहाची हौस असेल तर भारत सरकारच्या टांकसाळीची स्मारक नाणी आहेत. भगवान महावीरांच्या २,६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ मध्ये नाणी निघाली आणि २,५५० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त एप्रिल २०२४ मध्ये नाण्याचे प्रकाशन झाले. ती टांकसाळीच्या अधिकृत विक्रीतून, वजन व धातूची माहिती पाहून घ्यावीत.

स्पॅनिश नाण्याची प्रतिकृतीही आनंदाने घ्यावी. मुलांना पोतोसीचा डोंगर, सुरतेची टांकसाळ आणि तिलावाची माणसे यांची गोष्ट सांगण्यासाठी ती चांगले निमित्त ठरेल. मात्र ती घेताना धातूचे पैसे धातूच्या खात्यावर आणि कहाणीचे पैसे खर्चाच्या खात्यावर लिहावेत. डबीच्या आत एक चिठ्ठी ठेवावी: ‘प्रतिकृती, अमुक साली, अमुक किमतीला घेतली’. पन्नास वर्षांनी ती डबी उघडणाऱ्या नातवाला खरे काय ते त्या एका ओळीत कळेल, आणि घरातील उरलेल्या बंद्या रुपयांवरचा त्याचा विश्वासही शाबूत राहील.